न झिजलेले टायर

चार कोरे टायर नऊ वर्षं माळ्यावर पडून होते. पडून म्हणणंही बरोबर नाही. बाबांनी ते काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीला टेकवून उभे ठेवले होते, आणि दर सहा महिन्यांनी शिडी लावून वर चढत ते थोडे थोडे फिरवून ठेवायचे, एकाच जागी भार येऊन आकार बिघडायला नको म्हणून. आता बाबा जाऊन आठ महिने झाले होते. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं होतं, आई धाकट्याकडे राहायला जाणार होती, आणि थोरलीनं सांगून टाकलं होतं की गाडी मी नेणार. पण नेण्याआधी, येत्या रविवारी, हेच टायर बसवून तलावाच्या रस्त्यानं एक फेरी मारायची असं तिनं मनाशी धरलं होतं.

गाडी रविवारचीच होती. दोन सीटची, बुटकी, छत हातानं दुमडायचं. सामानाला जागा म्हणजे दोन पिशव्या आणि एक छत्री. कारखान्यात जायला बाबांची स्कूटर होती. ही गाडी त्यांनी तिसऱ्या की चौथ्या मालकाकडून घेतली तेव्हा थोरली चौदा वर्षांची होती, आणि आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. "चार माणसांच्या घरात दोन सीटची गाडी आणणारा माणूस," ती शेजारणींना सांगायची, "बाकीच्यांना कुठे बसवणार ते त्यांनाच विचारा." तो प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तो आपोआप सुटला. धाकट्याला गाडीत मळमळायचं, आईला केस विस्कटलेले चालायचे नाहीत. शेजारची सीट थोरलीची झाली.

बाबा पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि मापात नसेल तर नापास करायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. घरातही त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खोली मोजायचं गेज असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते टायरच्या खाचांत गेज घालून आकडा वहीत लिहायचे आणि मगच गाडी बाहेर काढायचे. तलावाच्या रस्त्याला अकरा वळणं होती. प्रत्येक वळण मागे पडलं की ते विचारायचे, "काय म्हणतायत टायर, चीफ?"

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर, म्हणजे थोरली. तिनं सीटखालून, पाठीतून जे कळेल ते सांगायचं. "पुढचे कुरकुरतायत." "मागचे अजून झोपलेत." "उजवा मागचा रुसलाय, हवा बघायला हवी." कधी कधी ती काहीही ठोकून द्यायची, आणि बाबा तेही गंभीरपणे ऐकून घ्यायचे. पुढे ती शिकली, दोन तासांवरच्या गावात कॉलेजच्या ग्रंथालयात लागली, तरी शनिवारी संध्याकाळी घरी यायची ती या अकरा वळणांसाठी.

माळ्यावरचे टायर त्या काळातले. चांगल्या पकडीचे टायर हवेत, पण त्यांची किंमत गाडीच्या किमतीला लाजवेल अशी नको, असा बाबांचा हिशेब. तीन महिने दोघं माहितीपत्रकं वाचत होती. ओल्या रस्त्यावर थांबतो का, बाजू किती कडक, आवाज किती. शेवटी थोरलीलाच एका दुकानाची जाहिरात दिसली: जुना साठा काढायचा आहे, निम्म्या किमतीत. नामांकित कंपनी, हवं तेच माप. बाबांनी त्या दिवशी चक्क तिचा हात हातात घेऊन हलवला होता, कारखान्यात साहेबलोक हलवतात तसा.

पण टायर आले आणि माळ्यावर गेले, कारण गाडीला होते त्यांच्या खाचा अजून चार मिलिमीटर शिल्लक होत्या. या घरात जुनं संपल्याशिवाय नवं काढत नसत. साबणाची पापडी होईपर्यंत दुसरा साबण निघत नसे; कपाटात घडी न मोडलेल्या चादरी होत्या ज्यांचे रंग कुणाला आठवत नव्हते. "दीड मिलिमीटर राहिला की बदलू," बाबा म्हणाले. रविवारी चाळीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे अडीच मिलिमीटर झिजायला किती वर्षं लागतात, हे गणित त्यांनी मांडलं नाही. तिनंही नाही.

मग थोरलीचं येणं कमी झालं. कारण म्हणावं असं काही नव्हतं. एका रविवारी कपडे धुवायचे राहिले होते, एका रविवारी सर्दी, मग परीक्षांचा हंगाम, मग एक माणूस, ज्याच्याशी तिचं लग्न होता होता राहिलं. तो गेला तरी रविवार काही परत आले नाहीत. बाबा फोनवर म्हणायचे, "जमेल तेव्हा ये." आणि एकदा म्हणाले, "गाडी सध्या उभीच आहे गं. जरा काम आहे तिचं."

काय काम आहे, हे तिनं विचारलं नाही. बाबा गेल्यापासून तिला तेवढं एकच जाणून घ्यायचं होतं. गाडी उभी राहिली ती गाडीच्या कामामुळे, की आपण जाईनाशा झालो म्हणून? रात्री पुस्तक मिटलं की हा प्रश्न उघडायचा. आईला विचारायची हिंमत तिला झाली नव्हती.

शुक्रवारी तिनं चारही टायर भाड्याच्या टेम्पोत घातले आणि त्याच्यामागून, बॅटरी बदलून आणि हवा भरून घेतलेली गाडी हळूहळू चालवत टायरच्या दुकानात नेली. दोन वर्षांहून अधिक काळ एका जागी उभे राहून गाडीखालचे टायर खालून चपटे झाले होते. प्रत्येक फेऱ्याला धप्प, धप्प असा आवाज येत होता. लोक वळून बघत होते. टायरवाला दुकानाच्या दारातच उभा होता, साठीचा, कोपरापर्यंत काळा.

"ताई, गाडी आणलीत की उखळ?" तो म्हणाला.

"नवे टायर आणलेत. फक्त बसवायचेत."

"बघू तरी नवे." त्यानं प्लास्टिक फाडलं. टायर खरोखर कोरे होते. नव्या रबराला असतात ते केसांसारखे बारीक धागे अजून अंगावर होते. थोरलीला उगाच अभिमान वाटला. टायरवाल्यानं मात्र खाचांकडे पाहिलंच नाही. त्यानं टायर फिरवत फिरवत बाजूवरचे कसले तरी आकडे शोधले, त्यावर अंगठा ठेवला, आणि मग टायर गुडघ्यांत धरून जोरात वाकवला. खाचांच्या तळाशी बारीक भेगा उघडल्या, कोरड्या टाचेसारख्या.

"हे मी बसवणार नाही," तो म्हणाला.

"का? वापरलेलेच नाहीत ते."

"वापरले नाहीत म्हणून काय झालं? वय झालंय. हे चार आकडे बघा. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल."

तिनं वाकून वाचलं आणि मनात वजाबाकी केली. बारा वर्षं. घेतले तेव्हाच ते तीन वर्षांचे होते. जुना साठा, निम्मी किंमत.

"रबर आहे ताई, माणसासारखंच. बसून राहिलं तरी म्हातारं होतं. नख रोवा, जातं का? दगड झालाय. वळणावर सोडून देईल तुम्हाला." टायरच्या आतल्या कडेला खडूनं काढलेला एक छोटा बाण होता, फिरवून ठेवताना खूण म्हणून बाबांनी काढलेला. त्याकडे पाहत तो म्हणाला, "थांबा. हा टायर माझ्याकडे येऊन गेलाय."

"शक्य नाही."

"येऊन गेलाय. चष्मेवाले गृहस्थ, उंच, एकच टायर घेऊन आलेले. खिशातून गेज काढलं आणि मला मोजून दाखवायला लागले: आठ मिलिमीटर, पूर्ण आठ! मी म्हटलं, काका, खोली नका मोजू, तारीख वाचा. वाचली. मग त्या स्टुलावर बसले. मला वाटलं, पाणी द्यावं. तर हसले आणि म्हणाले, 'तीस वर्षं लोकांचा माल नापास केला मी.'"

थोरलीनं त्या स्टुलाकडे पाहिलं.

"मी म्हटलं, हरकत नाही, नवे देतो, स्वस्तातले पण पकडीचे. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. आणि जाताना म्हणाले, आमच्या चीफ इंजिनिअरना विचारून सांगतो, त्यांच्याशिवाय मी टायर घेत नाही. मला वाटलं, कारखान्याचं काही असेल. पुन्हा आले नाहीत. तुमचे कोण?"

"वडील," ती म्हणाली. "कधी आले होते?"

"दोनेक वर्षं झाली असतील. की जास्त? नाही सांगता येणार बुवा."

गाडी दुकानातच सोडून ती पायी घरी निघाली. वाटेत तिच्या मनात जे चाललं होतं त्याची तिला लाज वाटली, पण ते चाललं होतं: हेच ते काम. जुने टायर म्हातारे, नवे टायर म्हातारे, आणि बाबांसारख्या माणसानं नापास टायरवर गाडी काढणं शक्य नाही. म्हणून गाडी उभी राहिली. टायरमुळे. रस्ता ओलांडताना तिचं पाऊल हलकं पडत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कपबशा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"बसले टायर?"

"नाही बसवले त्यानं. जुने झालेत म्हणाला." आणि एका दमात तिनं सगळं सांगितलं. गेज, आठ मिलिमीटर, स्टूल. शेवटी म्हणाली, "म्हणूनच ना गं बाबांनी गाडी बंद केली?"

आईनं एक कप अर्धवट गुंडाळून बाजूला ठेवला.

"तुला खरं हवंय की सोयीचं?"

"असं काय विचारतेस?"

"मग ऐक. टायरचं कळलं उन्हाळ्यात. गाडी उभी राहिली ती त्याआधीच्या थंडीत."

फ्रीज रिकामा करून बंद केला होता, त्यामुळे घरात कसलाच आवाज नव्हता.

"तू येईनाशी झालीस, तरी काही रविवार गेले एकटे," आई म्हणाली. "छत खाली करून, टोपीबिपी घालून. मग एका रविवारी अर्ध्या तासात परत. मी म्हटलं, काय झालं, बंद पडली? तर म्हणाले, 'नाही, बोलायला कोणी नसलं की गाडीचा आवाज फार येतो.' दुसऱ्या रविवारी काढलीच नाही. मी म्हटलं, मी येते, केसांना रुमाल बांधते. म्हणाले, 'तुला टायरमधलं काय कळतंय?' आता मला कळत नाही हे खरंच आहे. पण मी दोनदाच बसले त्या गाडीत. एकदा आणली तेव्हा, आणि एकदा, बरीच वर्षं झाली, त्यांना दवाखान्यात न्यायचं तर टॅक्सी मिळेना, तेव्हा. तेव्हाही त्यांनीच चालवली."

"मग टायर घेऊन का गेले होते?"

आईला ते सांगायचं नव्हतं हे तिच्या हातांवरून दिसत होतं. ती उगाच कागदाची घडी करत होती.

"तुझ्यासाठी. म्हणाले, 'नवे टायर बसवतो आणि चीफला फोन करतो. तिनेच निवडलेले आहेत, बघायला तरी येईल.' अजून तीन मिलिमीटर होते गं जुन्यांचे. जन्मात पहिल्यांदा जुनं संपायच्या आधी नवं काढत होते. आले तसेच परत, टायर पुसला, वर ठेवला. संध्याकाळी तुला फोन लावला. मी इथेच होते. 'जेवलीस का' विचारलं आणि ठेवला."

तो फोन थोरलीला आठवेना. ती बसून आठवत राहिली आणि तिला आठवेना, कारण असे फोन कितीतरी होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करायचं होतं? तू आली असतीस धावत, आणि ते तुझ्यावर ओरडले असते, काम सोडून कशाला आलीस म्हणून." आई उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून थांबली. "त्यांचा राग नव्हता गं तुझ्यावर. एवढं मी तुला लिहून देते. पण वाट बघायचे. ते नव्हतं असं मी कसं सांगू?"

शनिवारी सकाळी ती पुन्हा दुकानात गेली. टायरवाल्यानं तीन टायर काढून ओळीनं उभे केले.

"हा महाग. नाव मोठं, काम चांगलं, पण तुमच्या गाडीला याचा उपयोग म्हणजे किराणा आणायला विमान. हा स्वस्त, कडक, पन्नास-साठ हजार किलोमीटर हलणार नाही, पण ओल्यात घसरेल. आणि हा मधला. कंपनी कुणी ऐकलेली नाही, पण रबर मऊ. बाजूला बघा, झिजेचा आकडा लहान आहे. आकडा लहान म्हणजे चिकटून चालतो आणि लवकर संपतो."

"बाजू किती कडक आहे?" तिनं विचारलं. "गाडी हलकी आहे. फार कडक बाजू असली तर उड्या मारेल."

टायरवाल्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "अच्छा," तो म्हणाला, "म्हणजे त्या चीफ तुम्ही."

तिनं मान हलवली. मग मधल्या टायरपाशी उकिडवी बसली, ते चार आकडे शोधले, वाचले. अकरा आठवड्यांपूर्वीचा होता. चारही टायरवरचे तिनं वाचले, एकेक करून, आणि टायरवाल्यानं तिला घाई केली नाही.

"मात्र वापरायला हवेत," तो म्हणाला. "दर रविवारी चालवलीत तर चार-पाच वर्षांत संपतील. नाही चालवलीत तरी संपतीलच, फक्त दिसणार नाही."

"हेच लावा."

"आणि जुन्यांचं काय करू? कोरे दिसतात, कोणीतरी उचलून लावेल गाडीला आणि मरेल. मी कापून टाकतो असले."

"माझ्यासमोर कापा," ती म्हणाली.

त्यानं यंत्र आणलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर झालं. बाजू चिरल्यावर रबराचा जळका वास आला, आणि कापलेल्या तुकड्यांवर ते बारीक धागे अजून तसेच उभे होते. खडूचा बाण असलेला टायर त्यानं शेवटी घेतला. ती म्हणाली, "हो, तोही."

रविवारी आई फाटकापर्यंत आली. थोरलीनं विचारलं, "येतेस?" आई म्हणाली, "माझ्या अर्ध्या कपबशा व्हायच्यात. तू जा. आणि जोरात नको." मग फाटक लावताना, गाडीकडे न बघता, "जाऊन ये गं," एवढंच.

नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात, सांभाळून चालवा, असं टायरवाल्यानं बजावलं होतं. ती सांभाळून चालवत होती. छत खाली होतं. गावाबाहेर पडल्यावर तलाव दिसायला लागला, राखाडी, वाऱ्यानं सुरकुतलेला. पहिलं वळण आलं आणि गेलं. दुसरं आलं आणि गेलं. टायर चांगले होते. पुढच्यांना रस्ता कळत होता, मागचे शांतपणे येत होते, आणि ती बातमी तिच्या पाठीतून वर येऊन जिभेच्या टोकाशी थांबत होती. बाबा म्हणत होते तसा गाडीचा आवाज खरंच फार येत होता. सहाव्या वळणानंतर तिला वाटलं, आता वळावं. बाबा कुठल्या वळणावरून परत फिरले असतील, हे तिला आईला विचारायचं राहिलं होतं, आणि आईलाही ते माहीत असायचं कारण नव्हतं.

ती वळली नाही. अकरावं वळण संपलं की रस्त्याकडेला थोडी मोकळी जागा होती, तिथे दोघं उतरायची. तिथे तिनं गाडी थांबवली, खाली उतरली आणि चारही टायरवर आळीपाळीनं तळहात ठेवला, कडेला, मध्ये, आतल्या बाजूला, कुठे किती तापलंय ते बघायला. हे काम तिचं होतं. बाबा तोवर पाण्याकडे बघत उभे असायचे.

"पुढचे दोन्ही कोमट," ती म्हणाली. "उजवा मागचा मधोमध जरा जास्त. हवा एक पौंड कमी करायला हवी."

तलावावर वारा होता. एक सायकलवाला जाता जाता तिच्याकडे बघून गेला.

मग ती आत बसली. जागा अरुंद होती, गाडी मागे घेऊनच वळवावी लागायची. बाबा अशा वेळी तिच्या सीटच्या पाठीवर हात टाकून मागे बघायचे. तिनंही हात टाकला, रिकाम्या सीटच्या पाठीवर, आणि मागे वळून रस्ता मोकळा आहे का ते बघितलं. मोकळा होता. तरी बराच वेळ तिचा हात तिथेच राहिला.